दारापासून तिसरी

फिल्मची उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली, हे मला कुणी शिकवायला येऊ नये. चौतीस वर्षं छापखान्यात प्लेटा केल्यात मी. कुणी फिल्म पालथी ठेवून चित्र आरशातल्यासारखं उलटं छापलं की अख्खा मजला डोक्यावर घ्यायचो. तरीही ही चूक माझ्याच हातून झाली, म्हणून मीच सांगतो.

आमच्या गल्लीत पूर्वी शिंपल्यांच्या बटणांचा कारखाना होता. आता तिथे गाड्या उभ्या राहतात. माझी ताई तिथे एकोणीस वर्षं कार्डांवर बटणं शिवायची. संध्याकाळी घरी आली की तिच्या केसांवर पांढरी भुकटी असायची आणि खिशात माझ्यासाठी एखादं टवका उडालेलं बटण. ते उजेडात धरलं की त्यात गुलाबी, हिरवं काय काय दिसायचं. माझं सगळं शिक्षण तिच्या त्या सुईवर झालं.

कारखाना पाडला तेव्हा आम्हा वाचनालयातल्या सहा रिकामटेकड्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, याचं पुस्तक काढायचं. तीन वर्षं घरोघर फिरलो. फोटोग्राफरच्या बायकोकडे जुन्या फिल्मा मिळाल्या. त्यात शिवणखात्याचा एक फोटो होता, अकरा जणी ओळीने, प्रत्येकीच्या हातात सुई. नावं ताईने पाठ सांगितली, दारापासून खिडकीपर्यंत, जशा त्या कामाला बसायच्या तशी. दारापासून तिसरी ती स्वतः. खिडकीकडून तिसरी मुकादमीण, जिचं नाव ऐकलं तरी ताईच्या कपाळावर अजून आठी पडते. ताई डावखुरी, आणि मुकादमीण त्यावरून तिला रोज टोचून बोलायची.

वाचनालयं आणि गल्लीबोळांतली मंडळं स्थानिक इतिहासाची जी पुस्तकं काढतात, त्यांना दरवर्षी एक पुरस्कार असतो. आमचं पुस्तक शेवटच्या पाचांत आलं. ग्रंथपालबाईंनी फोन केला तेव्हा मी त्यांना तेच दोनदा सांगायला लावलं. आयोजकांनी पुस्तकातला तोच फोटो मोठा करून वाचनालयाच्या भिंतीवर लावायला पाठवला. तो उलगडला आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

दहा जणींच्या सुया डाव्या हातात होत्या आणि एकीचीच उजव्या. डावीकडचं दार उजवीकडे गेलं होतं. पुस्तकात फोटो तळहाताएवढा, त्यात कुणाला काय कळणार? पण पुस्तकाच्या प्लेटा करताना मी फिल्म पालथी ठेवली होती आणि खाली छापलं होतं, डावीकडून. मधली एक सोडली तर सगळ्यांची नावं भलत्याच चेहऱ्याखाली. माझ्या ताईचं नाव मुकादमिणीखाली.

पुस्तक घेऊन तडक ताईकडे गेलो. ती खिडकीशी मटार सोलत बसली होती. मी पान उघडून पुढे धरलं.

"ताई, हे बघ काय झालंय."

तिने पाहिलंसुद्धा नाही. "माहितीये मला. पहिल्याच दिवशी दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू तीन वर्षं जिवाचं रान केलंस. चार लोक तुला नावाजायला लागले होते. म्हटलं, आपण या वयात दिसलो काय, न दिसलो काय." मग शेंगा बाजूला सारून म्हणाली, "फक्त त्या बाईच्या तोंडाखाली नको होतं रे."

मला तिचा राग आला, माझा त्याहून जास्त, आणि रडूही आलं. लहानपणी ती माझ्या चुका आईपासून लपवायची. ऐंशी पार झाली तरी तेच चालू होतं.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "काका, निकालापर्यंत थांबा. मग दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवू." बाकीच्यांचंही तेच मत. मी म्हटलं, चिठ्ठ्या आजच चिकटवायच्या. परीक्षकांना पत्रही त्याच दिवशी टाकलं. चारशे प्रतींत आम्ही सहा जणांनी खळ लावून चिठ्ठ्या डकवल्या. दोघे माझ्याशी बोलत नव्हते. परीक्षकांचं उत्तर आलं, छापलेली प्रतच धरतात, वरून डकवलेली चिठ्ठी नाही, त्यामुळे पुरस्काराच्या विचारातून बाद. मात्र समारंभात पाचही पुस्तकांना दोन-दोन मिनिटं बोलायला मिळणार होती.

समारंभाला ताईला रिक्षातून नेलं. "मी कशाला?" वाटभर पुटपुटत होती. मागच्या रांगेत कडेची खुर्ची धरून बसली.

माझी पाळी आली. मागे पडद्यावर फोटो होता, या वेळी सुलटा. भाषण लिहून नेलं होतं, ते खिशातच राहिलं. मी म्हटलं, "हे पुस्तक चुकीचं छापलंय आणि चूक माझी आहे. ही नावं आता बरोबर ऐका." आणि कारखान्यात हजेरी घ्यायचे तशी दारापासून सुरुवात केली. पहिली. दुसरी. मग ताईचं नाव घेतलं, माहेरचं, रजिस्टरात होतं तसं पूर्ण.

मागून आवाज आला, "हजर."

सगळं सभागृह वळलं. ताई काठीला धरून उभी राहिली होती आणि तिने डावा हात वर केला होता.