शंकोबांची लोखंडी खुर्ची

त्या पत्राला शंकोबांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांना रोज सकाळी दात घासताना आठवायची. पत्र बालमित्राचं होतं. शाळेत सगळ्यांत किडकिडीत म्हणून त्याला पैलवान म्हणत, आणि म्हातारपणीही ते नाव त्याच्या अंगाला सैलच होत होतं. पैलवानाने लिहिलं होतं, ‘हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर छाती उघडणार. त्याआधी एवढंच कळव, पलीकडे काही आहे का? तू जन्मभर पुस्तकं तपासलीस. तू लिहून दिलंस म्हणजे ते तपासून दिलेलं असणार. मग मी निर्धास्त टेबलावर झोपेन.’

शंकोबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. शंका आली की समासात बारीकसं प्रश्नचिन्ह काढायचं, ही त्यांची पद्धत. एकदा एका आत्मचरित्रात लेखकाच्या जन्मतारखेपुढे त्यांनी ते काढलं. लेखक तावातावाने भांडायला आला आणि जाताना ‘आईला विचारून सांगतो’ म्हणून गेला. शंकोबा हे नाव तिथलंच. निवृत्त होताना दिलेल्या मानपत्रात ‘अजोड’ असा शब्द होता, त्याच्यापुढेही घरी आल्यावर त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं, तेव्हा कुठे त्यांना ते मानपत्र आपलं वाटलं.

निवृत्तीनंतर त्यांनी सोलरचा नाद लावून घेतला. नाद म्हणजे वाचनालयातून आणलेली पुस्तकं, गॅलरीच्या कठड्याला बांधलेलं एक पॅनेल, खाली एक बॅटरी आणि सगळ्या खोल्यांतून फिरणारी वायरींची जाळी. बायको तिच्यावर ओली फडकी वाळत घालायची. जोडणी करताना प्लस कुठली आणि मायनस कुठली याबद्दल शंकोबांचं मन ठरेना. जोडायचे, सोडायचे, पुन्हा जोडायचे. या गडबडीत अर्थिंगची वायर तात्पुरती म्हणून बसायच्या लोखंडी खुर्चीच्या पायाला गुंडाळली गेली आणि तिथेच राहिली.

पहिला महिना बॅटरी ढिम्म होती. कडकडीत उन्हातही बल्ब काजव्यासारखा मिणमिणायचा. आणि एके दिवशी, आभाळ चांगलं भरून आलेलं असताना, शंकोबा खुर्चीत वाचत बसले होते, तेव्हा स्वयंपाकघरातून बायकोने सहज विचारलं, “अहो, बाहेरच्या दाराला कडी लावलीत ना?”

“लावली,” शंकोबा म्हणाले. मग म्हणाले, “लावली बहुतेक.” मग पुस्तक मिटून दाराकडे बघू लागले.

बल्ब भक्कन पेटला. पंखा गरगरायला लागला. मिक्सरचं बटण चुकून चालूच राहिलं होतं, तो रिकामाच ओरडत ओट्यावरून चालायला लागला.

वायरमनला बोलावलं. त्याने मीटर लावला, खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, “काका, जरा उठा.” शंकोबा उठले, काटा पडला. “बसा.” काटा तिथेच. “आता काहीतरी विचार करा.”

“काय विचार करू? मला काही सुचेल असं वाटत नाही,” शंकोबा म्हणाले आणि मीटरचा काटा पलीकडच्या टोकाला जाऊन आपटला.

वायरमनने हत्यारं पिशवीत भरली. “यात बिघाड काही नाही,” तो म्हणाला, “आणि दुरुस्तीसारखंही काही नाही. हात लावू नका कुणी.”

बायकोने मात्र चार दिवसांत तंत्र आत्मसात केलं. टोमॅटो वाटायचे असले की “तुमचा चष्मा हाच का हो?” एवढं पुरे व्हायचं. इस्त्रीला जरा मोठी शंका लागायची. “लग्नाआधी तुम्ही आणखी कुणाला बघितलं होतंत, तिला होकार कळवून विसरला नव्हतात ना?” असं विचारून तिने तीन चादरी आणि पडदे कडक करून घेतले. खाली तळमजल्यावर शिंपी होता. त्यानेही वरून एक वायर खाली सोडून घेतली, आणि शिलाई मशीनची मोटर मंद झाली की तो खालून ओरडायचा, “काका, काल माझ्याकडे छत्री विसरलात, ती तुमचीच होती ना?”

शंकोबा सुखावले होते, पण संकोचलेही होते. जन्मभर ज्या स्वभावाची लाज वाटली त्यावर आता घरचा पंखा फिरत होता. शंकेने माणूस पोखरला जातो, असं वडील म्हणायचे. श्रद्धेने डोंगर हलतो, असंही म्हणायचे. डोंगर हललेला शंकोबांनी पाहिला नव्हता. मिक्सर चालताना मात्र पाहिला होता. यावरून काय सिद्ध होतं, हे त्यांना ठरवता येईना, आणि ते ठरवता येईना तोवर शिंप्याच्या दोन पॅन्टी शिवून व्हायच्या.

अशात पैलवानाच्या मुलीचा फोन आला.

“काका, तुम्ही बाबांना काय ते एकदाचं लिहा हो,” ती म्हणाली. “ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकलली त्यांनी. शंकोबाचं पत्र आल्याशिवाय छातीला हात लावू देणार नाही म्हणतात. जिना चढताना त्यांना धाप लागते. डॉक्टर म्हणतात, या आठवड्यात करा, नाहीतर नंतर करण्यासारखं काही राहणार नाही.”

“अगं, तूच सांग ना त्याला, मी म्हणालो म्हणून.”

“काय सांगू?”

शंकोबा फोन कानाला धरून खुर्चीत टेकले. खालून शिंप्याचा आवाज आला, “वा काका! एकदम फुल्ल!”

“तुमच्याच अक्षरात हवंय त्यांना,” ती म्हणाली. “तोंडी नको म्हणतात. तोंडी तुम्ही वेळ मारून न्याल.”

शंकोबा कागद घेऊन खुर्चीत बसले. ‘प्रिय पैलवान’ लिहिलं आणि त्याखाली मन घट्ट करून लिहिलं, ‘आहे.’ पंखा थांबला. खाली मशीन थांबली.

“काका!” शिंपी ओरडला. “काय झालं?”

शंकोबांनी खोडून लिहिलं, ‘नाही.’ पंखा तसाच थांबलेला. मग दोन्ही खोडून लिहिलं, ‘असावं.’ बल्ब आजारी माणसासारखा डोळे किलकिले करू लागला.

शिंपी धापा टाकत वर आला. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून म्हणाला, “काका, उद्या माझ्याकडे एका नवरदेवाचा कोट न्यायला येणार आहेत. एकच बाही लागलीय. तुमचं देवाचं काय ते परवा ठरवा की! इतकी वर्षं लटकलंय, आणखी दोन दिवस लटकलं तर कुणाचं काय अडतंय?”

“पैलवानाचं अडतंय,” शंकोबा म्हणाले.

“मग असं काहीतरी लिहा की तोही खूश आणि मशीनही चालू.”

शंकोबांनी तेही करून पाहिलं. ‘एका अर्थी आहे, दुसऱ्या अर्थी नाही’ असं चार पानं लिहिलं. घरात लख्ख उजेड पडला आणि शिंप्याने खाली धावत जाऊन कोटाची दुसरी बाही लावली. बायकोने त्याच उजेडात ती चारही पानं वाचली आणि टेबलावर ठेवली.

“हे वाचून छाती फाडून घेईल का कुणी?” तिने विचारलं. “मी तर नखं कापायलासुद्धा तयार होणार नाही.”

“मग काय लिहू? मला माहीत नाही गं.”

“आणि माझ्याशी लग्न केलंत ते काय माहीत करून घेऊन? हार घालायच्या वेळीसुद्धा मागे वळून बघत होतात, मी दुसऱ्या कुणासमोर तर उभी नाही ना म्हणून. पण घातलात ना?”

“घातला,” शंकोबा म्हणाले.

“त्यांनी एवढ्या जगातून तुम्हालाच का विचारलं? देवाची माहिती असलेली माणसं काय कमी आहेत? कोपऱ्या-कोपऱ्यावर आहेत. त्यांना भीती वाटतेय हो.”

शंकोबांनी ती चारही पानं घडी करून बाजूला सारली. दिवा जळत होता. खाली शिंपी घाईघाईने बटणं लावत होता, कारण मशीनचं लक्षण त्याला काही ठीक दिसेना. मग शंकोबांनी नवीन कागद घेतला आणि लिहिलं, ‘प्रिय पैलवान, पलीकडचं मला माहीत नाही. अलीकडचं सांगतो. तू ऑपरेशन करून घे. तू शुद्धीवर येशील तेव्हा पलंगाशेजारच्या स्टुलावर मी बसलेला असेन. नक्की.’

‘नक्की’ हा शब्द त्यांनी छापखान्यात शेकड्यांनी खोडला होता. समासात हात आपोआप वळला, पेन्सिल टेकलीसुद्धा. त्यांनी ती तशीच उचलून घेतली.

बल्ब गेला. पंखा गेला. शेजारच्या खोलीत रेडिओवर कुणीतरी अर्धं वाक्य बोलून गप्प झालं. तळमजल्यावरून शिंप्याने जे म्हटलं, ते बायकोने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती शंकोबांच्या चपला घेऊन दारात उभी होती.

“काही विचारू नका,” ती म्हणाली. “मीही विचारत नाही. जा.”

टपालपेटी रस्त्याच्या वळणावर होती, दिव्याच्या खांबाला टेकलेली, ओतीव लोखंडाची, पत्र्यासारखी तापलेली. शंकोबांनी डावा हात तिच्यावर ठेवला आणि पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं सरकवलं. तेवढ्यात मागून शंकांची सगळी पलटण आली. तिकीट लावलंय का? पत्त्यात घर क्रमांक आधी की गल्ली? आपण एकट्याने एवढा प्रवास कधी केलाय? गाडी चुकली तर? स्टुलावर पोचायच्या आधीच तो शुद्धीवर आला तर? आलाच नाही तर?

डोक्यावरचा रस्त्याचा दिवा भर दुपारी पेटला. नुसता पेटला नाही, सणसणला. भाजीवाली मान वर करून बघायला लागली. सायकलवरून जाणारा एकजण पाय टेकून थांबला. वळणाच्या अलीकडून शिंप्याची आरोळी आली, “काका, तसेच उभे राहा! हलू नका! वायर घेऊन येतो!”

शंकोबांनी वर पाहिलं. दिवा विझायची ते थोडा वेळ वाट पाहत होते. तो विझणाऱ्यांतला नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी त्याच्याच उजेडात पाकिटावरचं तिकीट शेवटचं बघून घेतलं आणि बोटं सोडली.

पत्र आत पडलं. दिवा जळतच होता.