पंचांची नात

शिट्टी इतक्या जोरात वाजली की विहाराच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं उठून पळालं.

"स्टेप्स!" बाबाराव ओरडले आणि त्यांनी दोन्ही मुठी छातीसमोर गरागरा फिरवल्या. बास्केटबॉलमध्ये चेंडू न आपटता जास्तीची पावलं टाकली की पंच ही खूण करतात.

मयुरीनं चेंडू काखेत धरला आणि बाहीनं कपाळ पुसलं. "आबाजी, मी एकटीच खेळून राह्यली! समोर टीमच नाई, तं बॉल देता कोनाले?"

"समोर कोनी नसलं म्हनून चुकी चुकी राह्यत नाई काय?"

"आजी, पाह्य न यांले!"

मी ओट्यावर तुरीच्या शेंगा निवडत बसले होते. म्हटलं, "मी काय पाहू? मी त्यायच्या संगं पंचेचाळीस वर्सं खेळून राह्यली."

बाबाराव माझे यजमान. घरात मी त्यांना अहो म्हणते, पण लिहिताना एकदा नाव घेतलेलं बरं; पुढे 'हे' म्हणजे तेच. वीज मंडळात लाइनमन होते, आता निवृत्त आहेत. नोकरी पोटासाठी, खरं काम म्हणजे पंचगिरी. वर्धा जिल्ह्यात शाळेचा सामना असो की पोलिसांचा, पांढरा शर्ट, काळी पँट आणि गळ्यात शिट्टी घालून हा माणूस हजर. पवनारला आमच्या वस्तीत विहाराला लागून जो बास्केटबॉलचा खांब आहे, तो मुळात भंगारात निघालेला विजेचा खांब. हिरालाल वेल्डरकडून त्याला रिंग जोडून घेतली ती यांनीच. आमचा ओटा अगदी त्याच्यासमोर आहे, त्यामुळे मला खेळातलं न शिकता बरंच कळायला लागलं.

पंचगिरी मैदानावर राहिली असती तर माझी काही तक्रार नव्हती. पण हे घरातही पंचच. कुणाची म्हणून बाजू घ्यायची नाही. लग्न होऊन आले तेव्हा चुलीवरून सासूबाईंचं आणि माझं वाजलं. मी रडत यांच्याकडे गेले, मागून सासूबाईही आल्या. यांनी दोघींकडे नीट पाहिलं आणि दोन्ही अंगठे वर केले. मला वाटलं, शाबासकी देताहेत की काय! नंतर कळलं, ती जंप बॉलची खूण. चेंडू दोघांनी धरला, कुणाचाच नाही. त्या दिवशी सासूबाई आणि मी मिळून यांना जे काही बोललो, त्यातून आमची दोघींची जन्माची गट्टी जमली.

आमचा मुलगा अश्वजित शाळेच्या संघात होता. वर्ध्याच्या अंतिम सामन्यात त्याला पाचवा फाऊल देऊन बाहेर बसवलं ते त्याच्या बापानंच. पोरगं टॉवेल डोक्यावर घेऊन रडलं. मी बायकांमध्ये बसले होते, मला मैदानात उतरून शिट्टी हिसकावून घ्यावीशी वाटली. मी परिचारिका होते, सरकारी दवाखान्यात जन्म गेला. रोग्याची बाजू घेणं हेच माझं काम. बाजू न घेणारं माणूस मला कधी समजलंच नाही, आणि नशिबी नेमकं तेच आलं.

मयुरी ही अश्वजितची मुलगी. अश्वजित इंजिनिअर होऊन न्यूझीलंडला गेला, तिथेच स्थिरावला, मयुरी तिथेच जन्मली. तिची मराठी म्हणजे बापाची वऱ्हाडी, जशीच्या तशी. उंची मात्र कुणाची कुणास ठाऊक! आमच्या दाराची चौकट दिवसातून एकदा तरी तिच्या कपाळाला लागते. सुट्टीत ती आमच्याकडे आली, आणि आठवड्यानं तिकडून फोन आला. न्यूझीलंडच्या महिला संघात तिची निवड झाली होती. रविवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

वस्तीत पेढे वाटून झाले आणि मग दुसऱ्या दिवशी मुकेश सर आले. सर यांचे जुने खेळगडी, नागपूरला मुलींना बास्केटबॉल शिकवतात. चहाचा कप हातात घेऊन ते सरळ विषयावर आले.

"बाबाराव, पोरीले इंडियाकडून खेळवा न. अशी हाइट आपल्याकडं कुठी भेटते? मी वर शब्द टाकतो."

"इंडियाकडून जमते काय?" मी विचारलं.

"जमते वहिनी, पन सोपं नाई. आपल्याकडं दोन पासपोर्ट चालत नाई. तिकडचा सोडून इकडचा घ्या लागन, इथं येऊन राहा लागन. कागदपत्रांले टाइम लागन. अन् एकडाव का तिकडच्या मोठ्या टीमकडून मॅच खेळली, तं मंग इकडचा दरवाजा बंदच समजा. म्हनून म्हनतो, रविवारच्या आत ठरवा."

मी यांच्याकडे पाहिलं. हे बशीतल्या चहावर फुंकर मारत होते.

"पोरीचं आहे, पोरगी ठरवन," हे म्हणाले.

मुकेश सर निघाले तेव्हा हे त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. मी मागे कप उचलत होते. फाटक लावता लावता यांनी अगदी हळू विचारलं, "मुकेश, इंडियाच्या जर्सीवर पाठीवर नाव लिवते काय?"

"लिवते न. आडनाव."

"म्हंजे थूल?"

"थूल."

यांनी मान हलवली आणि फाटकाची कडी दोनदा लावून पाहिली. माझ्या हातातला कप तसाच राहिला. यांचे वडील रोहणा गावचे. लहानपणी त्यांना शाळेच्या मैदानात पाय ठेवू देत नसत. कुंपणाबाहेर उभं राहून ते पोरांचे खेळ बघायचे, आणि चेंडू बाहेर आला तर हात न लावता कुणी येऊन नेईपर्यंत थांबायचे. ही गोष्ट त्यांनी यांना सांगितली होती, यांनी मला. त्या माणसाचं आडनाव देशाच्या जर्सीवर. मला तेव्हा कळलं की माझ्या नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी हवं आहे, आणि ते तो मागणार नाही.

संध्याकाळी शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून मी परात ओट्यावर ठेवली. मयुरी खाता खाता एकदम थांबली.

"आजी, एक सांगू? मले तिकडूनच खेळाचं आहे. माह्या टीमच्या पोरी आहे थ्या, लहानपनापासून संगं खेळलो आमी. इथं सगळे माह्यावर जीव लावते, पन मी इथं पाहुनी आहो न. सगळे मले पाहाले येते. तिकडं कोनी पाहाले येत नाई, तिकडं मी घरची आहो."

"मंग सांगून टाक न हो म्हनून."

"आबाजीले काय पायजे थे माहीत नाई न. त्यायनं म्हटलं तं मी इंडियाकडून खेळन. पासपोर्ट सोडन. खरंच सोडन, आजी."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पोरगी खोटं बोलत नव्हती. हे एका शब्दानं तिला ठेवून घेऊ शकत होते.

तेवढ्यात हे आतून आले आणि परातीशी बसले. मयुरीनं सरळच विचारलं, "आबाजी, मी कोनाकडून खेळू?"

"तुले वाटन त्यायच्याकडून."

"तुमाले काय वाट्टे?"

"मी पंच आहो, बाई. पंचाले वाटून चालत नाई."

"मले पंच नाई पायजे!" मयुरी उठून उभी राहिली. "मले आबाजी पायजे. तुमाले माही फिकीरच नाई काय? पप्पा म्हनते थे खरंच आहे. तुमी कोनाचेच नाई!"

ती आत गेली. चौकटीवर कपाळ आपटल्याचा आवाज आला, पण ती एरवीसारखी ओरडली नाही. परातीतल्या शेंगा निवत चालल्या होत्या.

मग मी सोडलं नाही यांना. म्हटलं, "ऐकलं काय? पोरानं मनात ठेवलं, आता नात बी थेच म्हनून राह्यली. एकडाव, एकडाव तरी तोंड उघडाचं होतं! मी ऐकलं तुमाले मुकेश सरांसोबत बोलताना. थूल लिवते काय म्हनून विचारलं न?"

यांनी हातातल्या शेंगेचं टरफल परातीत टाकलं. मग म्हणाले, "पायजे मले. लय पायजे. बाबा असते तं काय म्हनले असते, हेच मनात येऊन राह्यलं मुकेश येऊन गेल्यापासून."

"मंग बोलत काऊन नाई?"

"बोललो तं पोरगी हो म्हनन न, अन्नपूर्णा. थे माह्यासाठी घर सोडन, मैतरनी सोडन. अन् मी किती दिवस पुरनार? मी गेल्यावर थे कोनासाठी खेळन इथं?" "अश्वजितच्या वक्ती बी मले दिसत होतं का पोरगं रडन. पन समोरच्या पोराचा बाप तिथं नव्हता. त्याचं कोन पाह्यलं असतं?"

मला या माणसाचा इतकी वर्षं राग येत आला होता. तो सगळा त्या क्षणी गेला असं मी म्हणणार नाही, थोडा अजून आहे. पण मी उठून त्यांच्याजवळ सरकले. उरलेल्या शेंगा आम्ही दोघांनी मिळून संपवल्या.

रविवारी सकाळी मयुरी केस बांधत ओट्यावर आली. हे चष्मा पुसत बसले होते, शिट्टी गळ्यात होती.

"आबाजी, मी पप्पाले फोन केला. तिकडं हो म्हनून सांगतलं."

मी यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, मला धीर झाला नाही. चष्मा पुसणारा हात तेवढा दिसत होता. तो क्षणभर थांबला आणि पुन्हा पुसू लागला.

"बरं केलं," हे म्हणाले. मग विचारलं, "तिकडच्या जर्सीवर बी लिवते काय नाव?"

"लिवते न. थूल." तिनं मोबाइल काढून दाखवला. काळ्या जर्सीवर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत आडनाव होतं. यांनी चष्मा लावला आणि मोबाइल हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिला. अक्षरांवरून अंगठा फिरवला, तसं चित्र सरकून दुसरंच आलं, तेव्हा घाबरून परत दिला.

"चांगलं दिसते," हे म्हणाले. "चाल, प्रॅक्टिस करू. सिलेक्शन झालं म्हनून स्टेप्स कमी होत नाई."

दोघं मैदानात गेले. मीही सूप बाजूला ठेवून मागोमाग गेले आणि विहाराच्या पायरीवर बसले. थंडीचं ऊन नुकतंच खांबापर्यंत आलं होतं. मयुरीनं चेंडू दोन-तीनदा आपटला आणि थांबली.

"आबाजी, रागावले काय?"

"नाई, माय."

"एक विचारू? माही मॅच इंडियासोबत झाली तं तुमी कोनाकडून रहान?"

यांनी शिट्टी उचलून तोंडात धरली, म्हणजे बोलणंच नको. तिला ते कळलं. ती खाली मान घालून हसल्यासारखं करून वळली, पण तिचे खांदे मला पाठीमागून दिसत होते. मनातल्या मनात मी यांना म्हटलं, अहो, आता तरी!

मयुरी धावत निघाली. बाहीनं डोळे पुसत होती, चेंडूकडे तिचं लक्षच नव्हतं. मध्येच तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि तसाच धरून पळत सुटली. चार पावलं टाकली की पाच, मी मोजली नाहीत, पण वस्तीतल्या शेंबड्या पोरानंही ओरडून सांगितलं असतं. रिंगच्या खाली जाऊन तिनं चेंडू वर सोडला आणि तो आत पडला.

मी शिट्टीची वाट पाहत होते. मयुरीही तिथेच उभी राहून वाट पाहत होती. कुत्र्यानंसुद्धा मान वर केली.

शिट्टी वाजली नाही.

चेंडू टप्पे खात खात माझ्या पायरीशी येऊन थांबला. मयुरी वळली. "आबाजी, स्टेप्स झाल्या न माह्या?"

यांनी तोंडातली शिट्टी काढून शर्टाच्या खिशात ठेवली.

"मले नाई दिसल्या," हे म्हणाले.

मयुरी धावत आली आणि वाकून त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. हे तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले, जर्सीवर जिथे नाव असतं तिथे. नुकताच स्वच्छ पुसलेला चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.