हॉकीच्या स्टिकचं झिजलेलं पातं

मित्रांनो, मी एक जुनी हॉकी स्टिक आहे. गवतावरच्या हॉकीची नव्हे, पायात चाकांचे बूट घालून सिमेंटवर सुसाट धावत खेळतात, त्या हॉकीची. आता मला पातं उरलेलं नाही. पण एके काळी ते होतं आणि मोठं दिमाखदार होतं.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून, शिकंज्यात दाबून माझं पातं घडवलं गेलं. माझ्या पहिल्या मालकिणीने, ताईने, मला दुकानातून घरी आणलं, तेव्हा ती मला हातातून खाली ठेवेना. शेवटी तिची आई म्हणाली, आता हिचंही ताट वाढू का?

आमचं मैदान म्हणजे एका बंद गोदामासमोरचं अंगण. तिथलं सिमेंट खरखरीत. चेंडू अडवताना, फटकारताना पातं जमिनीला घासायचंच. पहिल्याच हंगामात माझी खालची कड कुंचल्यासारखी पिंजारली आणि टोकाजवळ चीर गेली. खेळ शिकवणाऱ्या सरांनी ताईला नवी स्टिक घ्यायला सांगितलं.

ताई म्हणाली, "सर, हिच्यात अजून जीव आहे."

तिने पॉलिश पेपरने माझी कड घासून गुळगुळीत केली. चिरेत सरस भरला आणि तो वाळेपर्यंत पातं चिमट्यांनी आवळून ठेवलं. मग पात्याच्या टाचेपासून टोकापर्यंत कापडी पट्टी घट्ट गुंडाळली आणि पाणी आत शिरू नये म्हणून तिच्यावर मेणबत्ती चोळली. तेव्हापासून खेळ संपला, की ती आधी मला पुसायची, मग स्वतः पाणी प्यायची. पट्टी फाटली तर लगेच बदलायची. रस्त्यावरच्या सरावाला तिने एक जुनाट स्टिक वेगळी ठेवली होती. संघात माझ्यानंतर आलेल्या कितीतरी स्टिक मोडून गेल्या, मी मात्र खेळतच राहिले. समोरच्या संघातल्या मुली मला हातात घेऊन उलटसुलट बघायच्या. काय सांगू, फार बरं वाटायचं.

पुढे ताई नोकरीसाठी परगावी गेली. जाताना तिने मला धाकट्या बहिणीकडे, चिमीकडे सोपवलं. कशी काळजी घ्यायची, तेही समजावलं. चिमी ताईपेक्षा चपळ, पण कायम घाईत. ओल्या मैदानावरून आली, की मला तशीच ओल्या मोज्यांसोबत पिशवीत कोंबायची. पट्टीखाली पाणी मुरत गेलं. आतले थर फुगले, सुटू लागले. मला ते कळत होतं, पण सांगणार कशी?

उपांत्य सामन्यात बरोबरी होती. अखेरच्या क्षणी चिमीसमोर गोल मोकळा होता. तिने जीव खाऊन फटका मारला. चेंडू जागीच घुटमळला आणि माझं पातं मात्र गोलात जाऊन पडलं. लगेच समोरच्या संघाने गोल केला. आम्ही हरलो.

चिमीने ताईला फोन लावला आणि ती नुसती रडत राहिली. ताई रागावली नाही.

"स्टिक कधीतरी तुटायचीच गं," ती म्हणाली. "पण ही दमून तुटली नाही, भिजून तुटली. एवढं लक्षात ठेव."

चिमीने माझा दांडा टाकला नाही. गॅलरीत दोन खिळ्यांवर मला आडवं बसवलं आहे. नव्या स्टिकची पट्टी ती रोज सोडवते आणि वाळायला माझ्यावर टाकते. त्या ओल्या पट्टीचा गारवा अंगाला लागला, की मला मैदान आठवतं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर खेळून आल्यावर तिच्या पात्यावरून एकदा हात फिरवा. कुठे दुखतंय, ते तुमच्या बोटांना आपोआप कळेल.