गरम पाण्याच्या पेटीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी गरम पाण्याची पेटी आहे. इटलीतल्या त्रिएस्ते शहराच्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेत, खिडकीखाली माझा मुक्काम असतो. बाहेर बोरा वारा छत्र्या उलट्या करत असतो आणि मी आत छप्पन्न अंशांवर शांत बसलेली असते. इथे शांत असणारी मी एकटीच. बाकीचे सगळे विद्वान आहेत.

रक्तातला पाण्यासारखा भाग नळीत भरून माझ्यात अर्धा तास बुडवायचा, एवढंच माझं काम. त्यात त्याच्यातली पूरक प्रथिनं मरतात. ही प्रथिनं म्हणजे रक्तातले पहारेकरी. परका जंतू दिसला की त्याला भोकं पाडून मारतात. प्रयोगात ती मध्ये मध्ये करतात, म्हणून इथले प्रमुख प्राध्यापक व्हास्कोत्तो यांच्या गुरूंनी दंडक घातला होता : आधी उकडा, मग बोला. गुरू गेले, दंडक राहिला. का उकडायचं, हे पुढे कोणी विचारलं नाही. विचार करायला पगार मिळतो, पण सक्ती नसते.

गंमत अशी, की ज्यांना मारण्यात माझं आयुष्य गेलं, ते पहारेकरी या विद्वानांपेक्षा शहाणे निघाले. आईच्या पोटातलं बाळ अर्धं परकं, तरी त्याला ते मारत नाहीत. बाळाला पोसणाऱ्या वारेच्या अंगावर त्यांना आवरणारी कुलपं असतात. उलट त्यांच्यातला एक जण वारेच्या पेशींना गर्भाशयाच्या भिंतीत मुळं धरायला मदत करतो. तो कमी पडला तर वार नीट रुजत नाही. बाकीचे बेफाम झाले तर वारेवरच तुटून पडतात. थोडक्यात, कुठे हात घालावा आणि कुठे आवरावा, हे त्यांना कळतं. प्राध्यापकांना कळत नाही. ते कॉफीचा कप माझ्या झाकणावर ठेवतात, ऊब राहते म्हणून.

एका सकाळी उर्श्काचं रक्त आलं. ही वरच्या कार्स्ट पठारावरच्या गावची. आधी दोन बाळं पोटातच गेलेली, आता सातवा महिना, रक्तदाब थोडा चढलेला. पहारेकरी तिच्या वारेवर उलटलेत का, हे पाहायचं होतं. नळी बर्फात घालून आणली होती. या तपासणीत पहारेकरी जिवंत लागतात, म्हणून ती तशीच ठेवायची, एवढंच करायचं होतं. पण प्राध्यापक त्या दिवशी स्वतः कामाला बसले. हात सवयीने माझ्याकडे वळला, आणि नळी माझ्या पोटात!

निकाल आला : शून्य.

"सगळे पहारेकरी खर्ची पडले!" प्राध्यापक ओरडले. "वारेवर मोठा हल्ला झालाय. बाळ आजच बाहेर काढा!" आणि फोनकडे धावले.

डॉक्टर ऑन्दिना दारातच उभी होती. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. "प्रोफेसर, शून्य? अहो, मेलेल्या माणसाचंसुद्धा इतक्या लवकर शून्य होत नाही."

"पोरी, तू मला शिकवणार?"

"नाही हो. नळी दाखवा फक्त."

तिने नळी हातात घेतली. "बर्फातून आलेली नळी गरम कशी?"

प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. जणू मीच हात लांब करून ती ओढून घेतली होती!

"नेहमीप्रमाणेच केलं," ते म्हणाले.

"तेच तर झालं."

त्यांना फोन खाली ठेवायला लावून ऑन्दिना स्वतः वरच्या मजल्यावर गेली. उर्श्का खाटेवर बसली होती. शस्त्रक्रियेची बातमी ऑन्दिनाच्या आधीच वर पोचली होती. अशा बातम्यांना जिना लागत नाही.

"डॉक्टरबाई, उचलून काढायला ते काय सूपमधलं तमालपत्र आहे?" उर्श्का म्हणाली. "दोन गेली. याला तरी पिकू द्या."

"दंड पुढे कर. पुन्हा बघू."

नवं रक्त बर्फातून आलं, बर्फातच राहिलं. माझ्या जवळपाससुद्धा कोणी आणलं नाही. पहारेकरी जिथल्या तिथे होते. शस्त्रक्रिया रद्द झाली. ऑन्दिना रोज रक्तदाब पाहत राहिली आणि बाळ आपल्या वेळेला, चांगलं गुटगुटीत होऊन आलं.

"मी तेच म्हणत होतो," प्राध्यापक म्हणाले. मी उकळले नाही. माझी तशी सोय नाही.

महिन्याभराने उर्श्का मुलीला कुशीत घेऊन आली. बरोबर पोतिका, म्हणजे अक्रोडाचं सारण भरलेला गोड पाव, घरचा. प्राध्यापकांनी मोठा तुकडा उचलला आणि सवयीने माझं झाकण उघडलं.

"जरा गरम करून घेतो."

"का?" उर्श्काने विचारलं.

मित्रांनो, या खोलीत इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हा शब्द ऐकला. प्राध्यापकांनी तुकडा हातात धरूनच माझं झाकण परत लावलं.

माझं पाणी बदला न बदला, मला पुसा न पुसा. पण माझ्यात काही बुडवण्याआधी तेवढं एकदा विचारत जा. पोतिका गारच छान लागते, असं ऐकते.