छतातला मोकळा चौकोन

उद्या सकाळी स्लॅब टाकायचा होता आणि त्यातला एक चौकोन कशासाठी मोकळा ठेवायचा, हे फक्त बाबांना ठाऊक होतं. बाबा आर्किटेक्ट. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडी एकच शब्द उरला होता, ‘नाही’.

“ताई, मी तो बुजवतो,” कंत्राटदारकाका म्हणाले. “शवागाराबाहेरची बसायची खोली ती. तिथं छताला भोक ठेवलं तर लोक माझ्या नावानं खडे फोडतील.”

“नाही,” बाबा म्हणाले.

“बघा! बरे होते तेव्हाही माझ्याशी एवढंच बोलायचे.” काका हसले, मग त्यांचंच हसू ओसरलं. “संध्याकाळपर्यंत कारण सांगा, ठेवतो. लोखंड बांधणारे खोळंबलेत.”

मी मुलांच्या पुस्तकांसाठी इमारतींची चित्रं काढते. भिंत कापायची आणि आतलं सगळं उघडं करून दाखवायचं. मनात देवाचं नाव घेतलं, बाबांच्या पलंगावर कागद पसरला आणि ती खोली मधोमध कापली.

चौकोनातून उजेड दाराशी उतरताना दाखवला. “नाही.” कोंदट हवा बाणांनी वर पाठवली. “नाही.” पुढेमागे मजला चढला तर जिना? हा ‘नाही’ जरा चिडकाच होता.

मग मापासाठी, आम्ही नेहमी काढतो तसा, एक माणूस दारासमोरच्या भिंतीशी उभा केला. त्याच्या डोळ्यांपासून चौकोनातून रेघ ओढली, तर ती बाहेर, रुग्णालयाच्या उंच भिंतीवर आपटली.

बाबांनी डावा हात उचलला. त्या माणसाच्या डोक्यावर बोट ठेवून ते खाली दाबत राहिले. कागद चुरगळला.

“बसवू याला?”

ते गप्प राहिले. आमच्या घरात आता हाच होकार.

मी त्याला तिथेच भिंतीशी बाकावर बसवलं. डोळे खाली आले तशी रेघ उभट झाली, चौकोनातून निघाली, भिंतीच्या माथ्यावरून सुटली आणि कोऱ्या कागदात गेली. तिथे काढण्यासारखं काही नव्हतं. नुसतं आकाश.

आई गेली, तिला घरी न्यायचं होतं तेव्हा आम्ही अशाच एका खोलीत बसलो होतो. बाबा सारखे मान वर करून पाहत होते. मला वाटलं होतं, देवाला काही विचारताहेत. वर छत होतं.

“आईसाठी ठेवलात?” मी विचारलं.

“नाही.” त्यांचं बोट बाकावरच्या माणसावर होतं.

संध्याकाळी काकांनी चित्र हातात घेतलं, रेघेवरून सावकाश बोट फिरवलं.

“म्हणजे बाक इथंच हवा. जरा सरकला तरी चुकेल.”

“हो काका.”

“मग लाकडी नको. माणसं ओढतात, कोपऱ्यात नेतात.” त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिथूनच मुकादमाला सांगितलं, “चौकोन राहू दे तसाच. आणि हे बघ, दारासमोरच्या भिंतीशी काँक्रीटचा बाक पक्का ओतायचाय, त्याच्या सळ्या आजच बांधून घे.”