अनुपमाच्या पेशींवरची खूण

पद्मजा अंधेरीच्या एका विमा कंपनीत अर्ज तपासायची. लोकांचे वैद्यकीय रिपोर्ट वाचायचे आणि कोणाला विमा द्यायचा, कोणाला चढ्या हप्त्याने द्यायचा, कोणाला नाहीच, हे ठरवायचं. त्यामुळे धाकट्या बहिणीला, अनुपमाला, अक्यूट ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा मुलुंडच्या घरात आई रडत बसली आणि पद्मजा वाचत बसली.

अनुपमाच्या आजारी पेशींवर काही खुणा सापडल्या होत्या. डॉक्टर त्यांना मार्कर म्हणत. त्यातली सीडी सेव्हन ही खूण खरं तर या जातीच्या पेशींवर असायला नको होती. काही शोधनिबंधांत ती खूण असलेल्या रुग्णांचे जगण्याचे आलेख भराभर खाली येत होते, काहींत तसं काही दिसत नव्हतं. पद्मजा एक निबंध मिटून दुसरा उघडायची. जेवता जेवता उठायची, गॅलरीत जायची, कशाला आले ते विसरून परत यायची.

हॉस्पिटलात केमो सुरू झाली. अनुपमाचे केस गेले, तोंड सोलून निघालं.

"ताई, बस ना जरा."

"बसलेय की."

"उभी आहेस तू. मघापासून." अनुपमाने तिच्याकडे रोखून बघितलं. "खरं सांग. माझा अर्ज तुझ्या टेबलावर आला असता, तर पास केला असतास?"

"काहीतरीच काय विचारतेस गं!" पद्मजा म्हणाली, पण मधे एक क्षण गेलाच होता.

अनुपमाने भिंतीकडे तोंड फिरवलं. "मग थोडे दिवस येऊ नकोस. तुझा चेहरा बघितला की मी गेल्यातच जमा आहे असं वाटतं."

पद्मजा तशीच बाहेर पडली. घरी जाववेना. कागदांची पिशवी घेऊन ती घाटकोपरला ओळखीचे रक्तरोगतज्ज्ञ डॉक्टर केयूर यांच्याकडे गेली. कोणीतरी बरा आकडा सांगावा, एवढंच तिला हवं होतं.

त्यांनी आकडा सांगितला नाही. "निबंध वाचलेत ना? मग माझ्याइतकंच तुम्हाला माहीत आहे. पण या खुणेचा उपयोगही होतो. निरोगी पेशींवर असं मिश्रण सहसा दिसत नाही. केमोनंतर हजारोंत एखादी आजारी पेशी उरली, तरी त्यावरून ती पकडता येते. आणि उद्या बोन मॅरो बदलायची वेळ आली, तर जुळणारा दाता लागेल. भावंडांची टिश्यू तपासणी झाली का?"

"भावंड म्हणजे मीच एकटी."

"मग इथे काय करताय?"

ती त्याच पावली रक्त द्यायला गेली.

पुढच्या बोन मॅरो तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली सगळं स्वच्छ दिसलं. पण पेशींवरच्या खुणा वाचणाऱ्या मशीनने ती खूण असलेल्या थोड्या पेशी शोधून काढल्याच. वॉर्डातले डॉक्टर म्हणाले, बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायला हवं. पद्मजाची टिश्यू पूर्ण जुळली होती. हे सांगायला ती न विचारता वॉर्डात गेली.

"तुला नको म्हटलं होतं ना?"

"माझं मॅच झालंय, अनू."

अनुपमा तिच्याकडे वळली. मग म्हणाली, "वाट लागली. आता तुझं रक्त घेऊन मीपण रात्रंदिवस येरझाऱ्या घालणार."

दोघी हसल्या. पद्मजा खरोखर खुर्चीवर टेकली आणि तिला एकदम रडू फुटलं. "मला फार भीती वाटते गं," ती म्हणाली. अनुपमाने सुई नसलेला हात पुढे केला.

ट्रान्सप्लांट सोपं गेलं नाही. ताप उतरेना, अंगभर पुरळ उठलं, एकदा तर आयसीयूत हलवावं लागलं. पण नंतरच्या तपासणीत ती खूण मशीनला सापडली नाही. त्या पुढच्याही तपासणीत नाही.

अनुपमा आता घरी आहे. डॉक्टरांनी 'बरी झाली' हा शब्द अजून उच्चारलेला नाही. रिपोर्ट यायचा असला की पद्मजा सकाळपासून घरभर फिरते, आणि अनुपमा तिला भाजी आणायला पिटाळते. परवा ती दोनदा जाऊन दोन्ही वेळा मेथीच घेऊन आली.

"ताई, रिपोर्ट आला," अनुपमा दारातच म्हणाली. "काही नाही सापडलं. ये, आता एवढी मेथी निवडायला बस."