वजा एकसष्ट

मी वजनकाटा बोलतोय. दचकू नका. तुमचा आकडा मी कुणाला सांगणार नाही. माझ्या धंद्यात एवढी सभ्यता पाळावीच लागते.

माझं रूप साधं आहे. फिकट हिरवा पत्रा, त्यावर काळं रबर, पुढे भिंगाखाली फिरणारी आकड्यांची तबकडी, पोटात स्प्रिंग आणि मागे शून्य जुळवायचं छोटं चाक. १९९९च्या मे महिन्यात श्यामसुंदररावांनी मला बोहरी आळीतल्या एका दुकानातून घेतलं. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात होते. तपासल्याशिवाय ते भाजीवाल्याची कोथिंबीरही घेत नसत. त्यांनी शेजारच्या दुकानातून पाच किलोचं माप मागवलं, माझ्यावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"साहेब, काटा घ्यायचाय की त्याची परीक्षा घ्यायचीय?" दुकानदाराने विचारलं.

"पास झाला तर घ्यायचाय," श्यामसुंदरराव म्हणाले.

मी पास झालो आणि कर्वेनगरच्या एका सोसायटीत, पहिल्या मजल्यावर, चपलांच्या रॅकखाली राहायला आलो.

घरात माझी गरज माणसांसाठी नव्हतीच. पद्मजाबाईंचा भाऊ योगेश अमेरिकेला निघाला होता. दोन हजार साल उजाडलं की जगभरचे संगणक गोंधळणार, म्हणून त्यांना समजवायला पुण्यातून पोरं जात होती. योगेशच्या बॅगेत किती मेतकूट मावतं हे पाहायला मला आणलं होतं. तो गेला आणि सोसायटीत बातमी पसरली. मग दर महिन्याला कुणीतरी बॅग ओढत दारात उभं. "काटा आहे ना?" जणू माझं नाव-गाव सगळं तेच.

मोठी बॅग माझ्यावर ठेवली तर तबकडी झाकली जाते. म्हणून पद्धत अशी: आधी एका माणसाने नुसतं उभं राहायचं, मग बॅग घेऊन उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. उभं राहायचं काम केदारचं. केदार हा श्यामसुंदररावांचा एकुलता एक मुलगा. तेव्हा पंधरा वर्षांचा, गुटगुटीत, हसरा, कुणाच्याही हाकेला धावणारा. वरच्या मजल्यावरच्या सुशीलाबाई बँकेतून निवृत्त झालेल्या. दर वेळी त्याला दोनदा उभं करणं त्यांना वेळेचा अपव्यय वाटे. त्यांनी पेन्सिलीने रॅकशेजारी भिंतीवर लिहून टाकलं: केदार ६१. झालं. तेव्हापासून सगळी सोसायटी एकसष्ट वजा करू लागली.

माणसांच्या बाबतीत एक गोष्ट मी पाहिली आहे. माझ्यावर चढताना ते चपला काढतात, चष्मा काढतात, श्वास रोखून धरतात. एका आजोबांनी तर कवळी काढून ठेवली होती. आणि चढले की सगळे खाली पाहतात. त्या वेळी वर, माणसाच्या तोंडाकडे, कुणीच पाहत नाही.

२००१च्या डिसेंबरात जयसिंग नावाचा तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा सिंगापूरला निघाला. केदार बॅग घेऊन उभा राहिला. पाच-सहा जण भोवती होते. श्यामसुंदरराव म्हणाले, "बॅगेचं सोडा हो. विमानवाले आधी आमच्या केदारलाच जादा सामान म्हणून अडवतील!"

सगळे हसले. केदार सर्वांत मोठ्याने हसला. पण त्याच्या पायांचे अंगठे माझ्या रबरावर घट्ट आवळले गेले. हसणाऱ्या माणसाचे पाय असे नसतात. मला तेवढंच कळलं, आणि मला सांगता येतो तो फक्त आकडा.

त्यानंतर केदार एकटा माझ्याकडे येऊ लागला. मला खोलीत नेऊन, दार लावून. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, मग दिवसातून पाच वेळा. एकोणसाठ. सत्तावन्न. आकडा उतरला की त्याचा चेहरा क्षणभर उजळे आणि लगेच पुन्हा काळजीत पडे. मी खरं तेच दाखवत होतो, पण त्या खऱ्याचा त्याला काहीच उपयोग होत नव्हता.

घरात मात्र आनंदीआनंद होता. केदार पहाटे टेकडीवर जातो आणि संध्याकाळीही जातो, म्हणून श्यामसुंदरराव खूश. पद्मजाबाई शाळेत शिक्षिका. त्याही खूश, कारण क्लासला दिलेला डबा रिकामा, वर स्वच्छ धुतलेला परत येई. "मुलगा जबाबदार झाला," त्या म्हणत. सतरा वर्षांत ज्याने एक चमचा विसळला नाही, तो अचानक डबा का धुतो, हे कुणी विचारलं नाही. सोसायटीच्या फाटकावरची दोन कुत्री मात्र त्या महिन्यांत चांगलीच बाळसं धरून होती.

त्या वर्षी आयटीची हवा जरा ओसरली होती. सहा महिने एकही बॅग आली नाही. मग २००२च्या जूनमध्ये सुशीलाबाईंची मुलगी पूर्णिमा कंपनीच्या कामाने जर्मनीला निघाली. मर्यादा वीस किलो. केदारला हाक गेली. तो अंगात स्वेटर घालून आला, बॅग उचलून माझ्यावर उभा राहिला.

"एक्क्याऐंशी," सुशीलाबाई वाकून म्हणाल्या. "वजा एकसष्ट, वीस. बरोब्बर! उतर बाळा."

मला ठाऊक होतं, तो बावन्न होता आणि बॅग एकोणतीस.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली.

"श्यामसुंदरराव, हा तुमचा काटा आहे की थापाड्या?"

"काय झालं, सुशीलाबाई?"

"नऊ किलो जास्त! विमानतळावर शंभर माणसांसमोर पोरीला बॅग उघडावी लागली. कुकर काढला, पापड काढले, गोडा मसाला काढला. मसाल्याची पिशवी तिथेच फुटली. मागचा गोरा माणूस शिंकत शिंकत जर्मनीला गेला."

"माझा काटा चुकत नाही," श्यामसुंदरराव म्हणाले. काटा थापाड्या म्हणणं, तपासणी विभागाच्या माणसाला याहून मोठी शिवी नाही. ते स्वयंपाकघरातून गॅसचा नवा, सीलबंद सिलिंडर घेऊन आले. त्याच्यावर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं होतं: पंधरा पूर्णांक तीन. आत गॅस चौदा पूर्णांक दोन. एकूण साडेएकोणतीस. त्यांनी सिलिंडर माझ्यावर जरा मागे सरकवून ठेवला. मी साडेएकोणतीस दाखवले.

"बघा."

"मग काय माझी वजाबाकी चुकली? तीस वर्षं बँकेत काढली आहेत मी."

"वजाबाकी बरोबर. काटाही बरोबर."

"मग नऊ किलो गेले कुठे?"

पद्मजाबाई हात पुसत बाहेर आल्या होत्या. त्यांची नजर भिंतीवरच्या पेन्सिलीच्या अक्षरांवर गेली. केदार ६१. मग त्यांनी हाक मारली. केदार खोलीतून आला. जूनच्या उकाड्यातही अंगात स्वेटर.

"उभा राहा रे जरा," श्यामसुंदरराव म्हणाले.

"नको ना, बाबा. सगळ्यांसमोर नको."

सर्वांत आधी कळलं ते सुशीलाबाईंना. त्यांनी पायात चपला सरकवल्या. "काटा बरोबर आहे, श्यामसुंदरराव. चूक माझी. मी जुना आकडा धरला," एवढं बोलून त्या जिना चढून गेल्या. समोरच्याला गप्प न करता त्या परतल्या, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पद्मजाबाईंनी केदारच्या खांद्यावर हात ठेवला. स्वेटरच्या आत नुसतं हाड होतं. त्यांना आकडा विचारावाच लागला नाही.

मग मदत सुरू झाली, आणि ती पहिल्यांदा साफ चुकली. श्यामसुंदररावांनी घरात तपासणी विभाग उघडला. रोज सकाळी सहाला केदारला माझ्यावर उभं करायचं आणि आकडा वहीत लिहायचा. जेवताना जुना दंडक: पान टाकून उठायचं नाही. एकदा भात गार होऊन घट्ट बसला, तरी दोघे बापलेक दोन तास समोरासमोर बसून होते. चौथ्या दिवशी श्यामसुंदरराव ओरडले, "अगं, अर्धा किलो वाढला!" ते पाणी होतं. केदार चढण्याआधी न्हाणीघरात तांब्याभर पाणी प्यायला होता. मी पाण्याचंही वजन प्रामाणिकपणे दाखवतो. त्या दिवशी मला माझ्या प्रामाणिकपणाची लाज वाटली.

शेवटी सुशीलाबाईच पुन्हा आल्या, हातात चिठ्ठी घेऊन. "माझ्या भाचीला असंच झालं होतं. या डॉक्टरांनी बरं केलं. जेवण हाच शत्रू वाटायला लागतो."

"पण ते मुलींना होतं ना?" श्यामसुंदरराव म्हणाले.

"तुमचा काटा मुलगा-मुलगी पाहून आकडा दाखवतो का?"

दुसऱ्या दिवशी ते तिघे डॉक्टरांकडे गेले. तिघे नव्हे, चौघे. श्यामसुंदररावांनी पुरावा म्हणून मलाही कापडी पिशवीत घालून नेलं.

डॉक्टर अस्मिता तरुण होत्या. त्यांनी केदारची नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि आई-बाबांना बाहेर बसवून त्याच्याशी पाऊण तास बोलल्या. पिशवी आतच राहिली होती, म्हणून मी ऐकलं. ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की केदार बराच वेळ रडला आणि शेवटी म्हणाला, "मला थांबायचंय, पण थांबताच येत नाही."

मग आई-बाबा आत आले. "हा खाण्याचा आजार असू शकतो," डॉक्टर म्हणाल्या. "नक्की सांगायला आणखी दोन-तीन भेटी लागतील. मदत मात्र आजपासून. तो हट्टी नाही, आजारी आहे."

श्यामसुंदररावांनी मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी मला न्याहाळलं.

"काटा छान आहे. माळ्यावर टाका."

"मग प्रगती कशी कळणार?"

"वजन मी इथे पाहीन. तो पाठ करून उभा राहील, आकडा त्याला दिसणार नाही. तुम्ही दोघं रोज त्याच्याबरोबर बसून जेवा. ताटावर बोलायचं नाही, अंगावर बोलायचं नाही. वाढायचं आणि सोबत करायची."

"मी त्याला एकदा सगळ्यांसमोर चिडवलं होतं…" श्यामसुंदररावांचा आवाज बारीक झाला.

"एका चेष्टेने एवढा आजार होत नाही, बाबा. पण चेष्टा मात्र आता बंद."

घरी येताच श्यामसुंदररावांनी आधी खोडरबर घेतलं आणि भिंतीवरचा एकसष्ट पुसला. मग मला जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं.

तिथे अंधार होता, पण जेवणाचं टेबल बरोबर खाली होतं. दिसत काही नसे, ऐकू सगळं येई. आकड्याशिवाय माणूस कसा ओळखायचा, हे मी तिथे शिकलो. ताटात नुसता फिरणारा चमचा वेगळा वाजतो आणि घास उचलणारा वेगळा.

अडचण एकच होती. जेवणावर बोलायचं नाही, तर बोलायचं काय? श्यामसुंदरराव वीस वर्षं पेपर वाचत जेवलेले. त्यांनी वजनाच्या वहीत आता विषय लिहून आणायला सुरुवात केली.

"आजचा विषय," ते घसा खाकरून म्हणाले. "खडकी स्टेशनवरची शेळी."

"शेळीचं काय, बाबा?"

"ती लोणावळा लोकलमध्ये चढली."

"मग?"

"शिवाजीनगरला उतरली."

चमचा नुसताच फिरत होता.

"तिकीट होतं तिच्याकडे?" केदारने विचारलं.

"पास असेल," पद्मजाबाई म्हणाल्या.

केदार हसला. ठसका लागेपर्यंत हसला. कितीतरी महिन्यांनी त्या घरात कुणीतरी सर्वांत आधी नाही, सर्वांत मोठ्याने नाही, नुसतं हसू आलं म्हणून हसत होतं.

सगळे दिवस असे नव्हते. एकदा ताट आपटल्याचा आवाज आला. एकदा तो दार लावून बसला. पद्मजाबाई दाराबाहेरून एवढंच म्हणत, "मी इथेच आहे. सावकाश ये." दिवाळीत गाडी पुन्हा मागे गेली. डॉक्टरांकडच्या फेऱ्या वर्षभर चालू राहिल्या. पण पुढच्या उन्हाळ्यात, एका साध्या बुधवारी, खालून आवाज आला, "आई, अजून एक पोळी आहे का?"

श्यामसुंदरराव काहीतरी बोलायला गेले असावेत, कारण बांगड्या किणकिणल्या. पद्मजाबाईंनी त्यांचा हात दाबला होता. मग ते म्हणाले, "शेळीचं पुढे काय झालं, सांगू?"

मला माळ्यावरून काढलं ते थेट २००९मध्ये. केदार आता इंजिनियर झाला होता आणि कंपनी त्यालाच जर्मनीला पाठवत होती. मर्यादा तीच, वीस किलो. सुशीलाबाई पेन्सिल कानामागे लावून हजर.

"कोण उभं राहणार?"

"बाबा," केदार म्हणाला.

श्यामसुंदरराव चढले. शहात्तर. मग बॅग घेऊन. अठ्ठ्याण्णव.

"दोन किलो जास्त," सुशीलाबाईंनी जाहीर केलं.

पद्मजाबाई वाकल्या. "बेसनाचे लाडू काढते. तू तिकडे कुठे खात बसणार…" आणि बोलता बोलता थांबल्या. सात वर्षांपूर्वीची सवय, ताटावर न बोलायची.

केदारने बॅग उघडली. लाडवांचा डबा बाजूला सरकवला, तळातून संगणकाची दोन जाडजूड पुस्तकं काढून चपलांच्या रॅकवर ठेवली. "हे सगळं नेटवर मिळतं, आई. लाडू नाही मिळत."

पद्मजाबाई, गॅस चालू राहिलाय वाटतं, असं म्हणत आत गेल्या. गॅस बंदच होता, सकाळीच मी ऐकलं होतं.

"शहाण्णव वजा शहात्तर," सुशीलाबाई म्हणाल्या. "वीस. गोडा मसाला नीट बांधलाय ना रे?"

जाताना केदारने मला स्वच्छ पुसलं. माझ्यावर पाय ठेवला नाही. सुशीलाबाईंच्या हातात मला देत म्हणाला, "काकू, आता हा तुमच्याकडेच असू द्या."

म्हणून हल्ली मी दुसऱ्या मजल्यावर असतो. माझं रबर एका कोपऱ्यात उचकटलंय, शून्य कधी कधी जरा डावीकडे सरकतं, पण बॅगा मोजतो. माझी विनंती छोटी आहे. माझा आकडा जरूर वाचा, तो खरा असतो. वाचून झाला की मान वर करा.

सुशीलाबाई आता भिंतीवर काही लिहीत नाहीत. जुना आकडा त्यांच्याकडे चालत नाही. दर वेळी माणूस नव्याने उभा करतात. आणि सोसायटीतलं कुणी पोरगं बॅग घेऊन दारात आलं, की मला बाहेर काढण्याआधी त्याच्या तोंडाकडे नीट पाहून विचारतात, "काय रे, जेवलास का?"